सत्तावीस चिजांची सुवर्णतबकडी

आपल्याला आवडलेलें गाणें दुसऱ्याला ऐकवावें, ही इच्छा माणसाला कां होते हें सांगणें सोपें नाहीं. पण ती होते, हें मात्र कोणी नाकारणार नाहीं. पूर्वी ज्या घरीं ग्रामोफोन असे, त्या घरीं संध्याकाळीं शेजारीपाजारी जमत. कोणी बालगंधर्वांचें नाटकांतील पद मागे, कोणी अब्दुल करीम खांसाहेबांची ठुमरी मागे, आणि एखाद्या तरुणास सिनेमांतलें गाणें हवें असे. प्रत्येकाची आवड निराळी. तरी एकदां चावी भरली, कीं सर्वांना सर्वांची आवड ऐकावी लागे. या साध्या घरगुती प्रसंगांत एक मोठी गोष्ट दडलेली होती. जीं गाणीं एरव्हीं एका छपराखालीं कधीं आलीं नसतीं, तीं तबकडीमुळें एकाच पेटींतून बाहेर पडूं लागलीं.

१९७७ सालीं हाच प्रकार एवढ्या मोठ्या प्रमाणावर घडला, कीं त्याला घराचें छप्पर पुरलें नाहीं, आणि पृथ्वीचें आकाशहि पुरलें नाहीं. त्या वर्षीं अमेरिकेनें सोडलेल्या व्हॉयेजर नांवाच्या दोन अवकाशयानांवर निरनिराळ्या देशांतील सत्तावीस चिजा कोरलेली एकेक तबकडी बसविण्यांत आली. त्या तबकडीची, आणि तींत स्थान मिळालेल्या गोमंतकांतील एका गायिकेच्या आवाजाची ही हकीकत आहे.

तबकडीचा इतिहास तसा फार जुना नाहीं. आवाज सांठवून तो पुन्हां ऐकविणारें यंत्र एडिसन यांनीं १८७७ सालीं प्रथम तयार केलें. त्यांत आवाजाची खूण एका फिरत्या नळकांड्यावर उमटत असे. पुढें १८८७ सालीं एमिल बर्लिनर यांनीं नळकांड्याच्या जागीं सपाट तबकडीची योजना करून ग्रामोफोनचें पेटंट घेतलें. वरवर पाहतां हा फरक किरकोळ दिसतो. पण सपाट तबकडीचा सांचा करतां येतो, आणि एका सांच्यावरून हव्या तितक्या प्रती दाबून काढतां येतात. छापखान्यानें पोथीचें जें केलें, तेंच तबकडीनें गाण्याचें केलें.

हिंदुस्थानांत हें यंत्र घेऊन ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग १९०२ सालीं कलकत्त्यास आले, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत त्यांनीं गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरविला. विक्रीच्या प्रती त्या वेळीं जर्मनींतील हॅनोव्हर येथें तयार होत. तेथील कारागिरांना गाणारें कोण हें कळावें, म्हणून गाणें संपतांच गायिका आपलें नांव इंग्रजींत उच्चारी. १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदा येथें कारखाना निघाला, आणि तबकड्या इकडेच होऊं लागल्या. त्यांच्या मिश्रणांत जी लाख पडे, ती तर या देशांतल्याच जंगलांत गोळा होत असे.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटें गाणें मावे. एकच राग तासभर मांडणाऱ्या गवयाला ही मर्यादा जाचक वाटली, तर त्यांत नवल नाहीं. जयपूर-अत्रौली गायकीचे अध्वर्यु अल्लादिया खां आणि त्यांच्याच काळांतील थोर गायक भास्करबुवा बखले यांचें गाणें बाजारांतल्या तबकडीवर कधीं आलें नाहीं. तें त्यांच्या शिष्यांच्या गळ्यांतूनच पुढच्या पिढीस ऐकावें लागलें. पण या तीन मिनिटांनीं दुसरें एक काम केलें. गौहर जान यांच्यासारख्या गायिकेचें गाणें ऐकावयाचें, तर तिच्या मैफलीस जावें लागे. प्रतिष्ठित घरांतले पुरुष तेथें जात. त्यांच्याच घरांतल्या स्त्रियांना मात्र तें दार बंद होतें. तबकडीला असा उंबरठा नव्हता. जी गाणारी बाई माजघरांत पाऊल ठेवूं शकली नसती, तिचा आवाज माजघरांत पोहोंचला, आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला हात न थांबवितां तो ऐकतां आला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ख्याल, ठुमरी, नाट्यपद, लावणी, अभंग हे गाण्याचे प्रकार खरे. पण पुष्कळदां ते गाणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या वस्त्यांचेहि प्रकार असत. कोणतें गाणें कोणत्या दारीं गावें आणि कोणीं ऐकावें, हें सुरांवरून ठरत नसे. समाजांतल्या पायरीवरून ठरत असे. ही गोष्ट आपल्याकडेच होती असेंहि नाहीं. अमेरिकेंत १९२० नंतर कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या तबकड्या निघूं लागल्या, तेव्हां तेथील कंपन्यांनीं त्यांची मालिका वेगळी ठेवली आणि यादीहि वेगळी छापली. टेक्सास प्रांतांत ब्लाइंड विली जॉन्सन नांवाचा एक अंध गायक रस्त्याच्या कडेला गिटार घेऊन भक्तिगीतें गात असे. १९२७ सालीं डॅलस शहरांत त्याचें एक गाणें मुद्रित झालें. त्यांत शब्द नाहींत. अंधाऱ्या रात्रीं निवारा नसलेल्या माणसानें गुणगुणावें, तसा केवळ सूर आहे. तें गाणेंहि त्याच वेगळ्या यादींत गेलें. १९४५ सालीं तो दारिद्र्यांत मरण पावला. तीन मिनिटांच्या त्या तबकडीचें पुढें काय होणार आहे, याची कल्पना त्याला असणें शक्यच नव्हतें.

‘आल्बम’ हा शब्द गाण्याच्या व्यवहारांत आला तो याच काळांत. बीथोव्हेनची एखादी सिंफनी एका तबकडीवर मावत नसे. म्हणून ती सात-आठ बाजूंवर विभागून, त्या तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या बांधीव पुठ्ठ्यांत ठेवून विकीत. त्या बांधीव वहीला आल्बम म्हणत. १९४८ च्या जून महिन्यांत कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी लांब पल्ल्याची तबकडी लोकांपुढें आणली, आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. वही गेली, पण नांव मागें राहिलें. एका तबकडीवर काय काय ठेवावें आणि कोणत्या क्रमानें ठेवावें, हा निवडीचा प्रश्न तेव्हांपासून विशेष महत्त्वाचा झाला. कारण तबकडी लांबली, तरी ती अनंत झाली नव्हती.

हाच प्रश्न १९७७ सालीं एका लहानशा मंडळापुढें येऊन पडला. गुरु, शनि आणि त्यांपलीकडील ग्रह पाहण्यासाठीं निघालेलीं व्हॉयेजर यानें आपलें काम आटोपल्यावर सूर्यमालेच्या बाहेर जाणार होतीं. तीं परत येणार नव्हतीं. तेव्हां त्यांच्यावर पृथ्वीचा कांहीं निरोप असावा, असें ठरलें. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन या मंडळाचे प्रमुख होते. यापूर्वीं पायोनियर यानांवर चित्रें कोरलेला धातूचा पत्रा पाठविला होता. या वेळीं पत्र्याऐवजीं तबकडी पाठवावी, ही कल्पना फ्रँक ड्रेक यांची. एडिसनच्या यंत्रालाहि त्या वर्षीं बरोबर शंभर वर्षें पुरीं होत होतीं.

तबकडी तांब्याची, बारा इंच व्यासाची. वर सोन्याचा मुलामा. लाख किंवा प्लास्टिक जेथें टिकलें नसतें, तेथें ती टिकावी हा हेतु. अधिक मजकूर मावावा, म्हणून तिची गति मिनिटास अवघी १६⅔ फेऱ्यांची ठेवली. सोबत सुई दिली, आणि ती कशी चालवावी हें आवरणावर आकृतींनीं दाखविलें. कारण वाचणाऱ्यास पृथ्वीवरची कोणतीहि भाषा येत असण्याचा संभव नव्हता. आवरणावर युरेनियमचा पातळ लेप दिला. युरेनियम ठराविक गतीनें क्षीण होतें. त्यावरून तबकडी केव्हां निघाली, हें शोधणाऱ्यास मोजतां यावें. तींत ११५ चित्रें आहेत, पाऊस, वारा, पक्षी, देवमासे यांचे आवाज आहेत, आणि ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत मराठीहि आहे. परंतु तबकडीचा बहुतेक भाग संगीतानें व्यापला आहे: एकूण सुमारें नव्वद मिनिटें.

साऱ्या पृथ्वीसाठीं नव्वद मिनिटें! जेवढा अवकाश एका ख्यालगायकानें एका रात्रींत दोन रागांत सहज संपविला असता, तेवढ्यांत मंडळाला सर्व देश आणि सर्व काळ बसवावयाचे होते. आणि तेंहि कांहीं महिन्यांच्या आंत. पाश्चात्य अभिजात संगीत हें त्या मंडळींच्या परिचयाचें. तेव्हां निवडीचा ओढा प्रथम तिकडे असणें स्वाभाविक होतें. पण संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन आणि लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनीं मंडळाचे कान दुसरीकडे वळविले. ब्राउन यांनीं जावा बेटांतील दरबारी वाद्यवृंद, आणि भारतांतील एक भैरवी सुचविली. लोमॅक्स यांच्या आग्रहामुळें बल्गेरियांतील एका स्त्रीनें गाइलेलें डोंगरी गीत आणि जॉर्जियांतील पुरुषांचा समूहस्वर तबकडीवर आला.

वाद झाले नाहींत असें नाहीं. चक बेरी यांचें १९५८ सालचें ‘रॉक अँड रोल’ गीत घ्यावयाचें ठरलें, तेव्हां लोमॅक्स यांनाच तें पोरकट वाटलें. त्यावर सेगन यांनीं दिलेलें उत्तर मार्मिक होतें: पृथ्वीवर पोरेंहि पुष्कळ आहेत, असें त्यांचें म्हणणें पडलें. गाणें राहिलें. अशा रीतीनें बाख यांच्या शेजारीं सेनेगलचे ढोल आले, मोझार्टच्या शेजारीं जॉर्जियाचे गायक आले, आणि पेरूमधील एका मुलीच्या लग्नगीताला सॉलोमन बेटांतील पांव्यांची सोबत मिळाली. ज्यांचे गवई एकमेकांच्या अंगणांत कधीं गेले नव्हते, ते एकाच खोबणींतून एकामागून एक वाजूं लागले.

या यादींत जी भैरवी आहे, ती सूरश्री केसरबाई केरकर यांची. केसरबाईंचा जन्म १८९२ सालीं गोव्यांतील केरी गांवीं, गाणें हेंच ज्यांचें जीवन अशा समाजांत झाला. लहानपणीं कोल्हापुरास अब्दुल करीम खां यांच्यापाशीं त्यांचें शिक्षण सुरू झालें. पुढें रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले, बरकतुल्ला खां अशा गुरूंकडे त्या शिकल्या. पण त्यांची तृषा भागली ती १९२१ मध्यें अल्लादिया खां यांनीं त्यांना शिष्या म्हणून पतकरल्यावर. ती तालीम १९४६ सालीं खांसाहेब निवर्तेपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षें चालली. अप्रसिद्ध राग, बांधीव आकार, दमसांसाच्या लांब फिरती, हें सर्व त्यांनीं असें कमाविलें कीं, देशभरांतले जाणकार त्यांच्या मैफलीला मान देत. १९६९ सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मभूषण दिलें, आणि महाराष्ट्र राज्यानें राज्यगायिका म्हणून त्यांचा गौरव केला.

केसरबाईंचा स्वभाव विद्या वाटत फिरण्याचा नव्हता. पंचवीस वर्षांच्या मेहनतीनें मिळविलेलें धन कोणाच्याहि हातीं जाऊं नये, याविषयीं त्या फार दक्ष असत. त्यांनीं शिष्या म्हणून तयार केली ती धोंडूताई कुलकर्णी यांनाच. आवाज उतरत असल्याची चाहूल लागतांच, लोकांनीं म्हणण्यापूर्वीं, त्यांनीं जाहीर मैफली थांबविल्या. त्यांच्या कारकीर्दीच्या मानानें त्यांच्या ध्वनिमुद्रिका थोड्याच आहेत. आणि त्या जुन्या मापाच्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या. अल्लादिया खां ज्या मर्यादेबाहेर राहिले, त्याच मर्यादेंत त्यांच्या शिष्येनें थोडा वेळ कां होईना, उभें राहण्याचें कबूल केलें. केलें नसतें, तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

ब्राउन यांनीं केसरबाईंची ती भैरवी सुचविली खरी, पण ती तबकडी अमेरिकेंत मिळेना. दिवस थोडे उरले होते. मंडळांतील अ‍ॅन ड्रुयन यांनीं न्यूयॉर्क शहरांतील दुकानें पालथीं घातलीं. शेवटीं एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, एका मेजाखालीं पडलेल्या खोक्यांत, ती तबकडी सांपडली. घर सोडून दूर देशीं गेलेल्या माणसांनीं सामानाबरोबर आपलें गाणें नेलें नसतें, आणि तें विकावयास ठेवलें नसतें, तर भारताची जागा कदाचित् दुसऱ्याच कशानें भरली असती. एवढ्या मोठ्या योजनेचा एक धागा अशा लहान ठिकाणीं अडकलेला होता.

ती भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. एकटीनें बाहेर पडलेल्या मुलीस, कोठें निघालीस, असें विचारणारी ती चीज. आपल्याकडे मैफलीची सांगता भैरवीनें करण्याचा प्रघात आहे. तबकडीवरहि तिची जागा शेवटाजवळ पडली. तिच्या आधीं चीनमधील सात तारांच्या प्राचीन वाद्यावर वाजविलेली वाहत्या पाण्याची रचना आहे. तिच्या नंतर आहे तें टेक्सासच्या रस्त्यावरील अंध विली जॉन्सनचें शब्दहीन गुणगुणणें. आणि सर्वांत शेवटीं बीथोव्हेनच्या एका चतुर्वाद्य-रचनेंतील संथ भाग. एकीला ज्या समाजाच्या माजघरांत पाय ठेवतां येत नव्हता, आणि दुसऱ्याचें नांव ज्या समाजानें वेगळ्या यादींत टाकलें होतें, ते दोघे येथें युरोपच्या श्रेष्ठ संगीतकाराच्या पुढें, एका ओळींत बसले आहेत. दयेनें कोणी त्यांना तेथें बसविलें नाहीं. ऐकणाऱ्यांनीं ऐकलें, आणि तीं जागा सोडून देण्यासारखीं नाहींत असें त्यांना वाटलें.

या निवडीत उणीवा नाहींत असें कोणी म्हणूं नये. निवडणारे जवळजवळ सर्व अमेरिकेंतले होते. सत्तावीस चिजांपैकीं तीन एकट्या बाख यांच्या, दोन बीथोव्हेनच्या. आणि साऱ्या भारताला मिळालीं साडेतीन मिनिटें. त्यांत दक्षिणेची कृति नाहीं, वारकऱ्यांचा अभंग नाहीं, शाहिराचा पोवाडा नाहीं. अशी तक्रार प्रत्येक देशाला करतां येईल, आणि ती रास्तहि ठरेल. परंतु निवड म्हटली कीं तींत सोडून देणें आलेंच. घरीं आलेल्या पाहुण्याला आपण चारच तबकड्या ऐकवितों, म्हणून उरलेल्या आपल्याला नावडत्या असतात असें नव्हे. पाहण्यासारखें आहे तें एवढेंच कीं, निवडणाऱ्यांनीं स्वतःच्या सवयीच्या पलीकडे जाऊन ऐकण्याचे कष्ट घेतले कीं नाहीं. या मंडळींनीं ते घेतले.

व्हॉयेजर २ हें यान २० ऑगस्ट १९७७ रोजीं निघालें, आणि व्हॉयेजर १ त्यामागून ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकरा दिवसांनीं, १६ सप्टेंबरला, केसरबाई निवर्तल्या. त्यांचें वय पंचाऐंशी वर्षांचें होतें. देह मुंबईंत विसांवला, तेव्हां त्यांचा आवाज पृथ्वी सोडून गेलेला होता. २०१२ सालीं व्हॉयेजर १ आणि २०१८ सालीं व्हॉयेजर २ सूर्याच्या वाऱ्याचा प्रभाव जेथें संपतो ती सीमा ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळींत शिरलें. एखाद्या दुसऱ्या ताऱ्याच्या त्यांतल्या त्यांत जवळून जावयास व्हॉयेजर १ ला सुमारें चाळीस हजार वर्षें लागतील. आणि तें जवळपणहि दीड-दोन प्रकाशवर्षांचें.

तेव्हां ती तबकडी तेथें कोणी ऐकेल काय, या प्रश्नाचें उत्तर, बहुधा नाहीं, असेंच द्यावें लागतें. पाठविणाऱ्यांनाहि तें ठाऊक होतें. तरी तो खटाटोप व्यर्थ गेला नाहीं. त्या एका निवडीमुळें पृथ्वीवरच्याच असंख्य माणसांनीं केसरबाईंचें नांव प्रथम ऐकलें. २०१७ सालीं त्या तबकडीची नवी आवृत्ति निघाली, तेव्हां भैरवी म्हणजे काय हें ज्यांना माहीत नव्हतें, अशा परदेशांतल्या घरांतहि ती वाजली. आणि महाराष्ट्रांतल्या कित्येक घरांत तिच्या पाठोपाठ त्या अंध गायकाचें गुणगुणणें पहिल्यांदाच ऐकूं आलें. दूरच्या ताऱ्यासाठीं बांधलेली शिदोरी अशी घरच्यांनाच पोंचली.

तबकडीच्या मध्यभागीं, जेथें खोबणी संपतात, त्या मोकळ्या जागेवर एक लहानसें वाक्य हातानें कोरलें आहे. सर्व जगांतील आणि सर्व काळांतील गाणें निर्माण करणाऱ्यांस ती अर्पण केली आहे, असा त्याचा आशय. त्यांत देशाचें नांव नाहीं, घराण्याचें नाहीं, प्रकाराचेंहि नाहीं. शेजाऱ्यानें मागितलेली तबकडी आपल्या आवडीची नसतांहि जो तिच्यावर सुई ठेवी आणि शेवटपर्यंत बसून ऐके, त्या ग्रामोफोनवाल्या गृहस्थाला या अर्पणपत्रिकेचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता.